टाचणाची मजुरी

गोधडी हा शब्द उच्चारला की आम्हां मराठी लिहिणाऱ्यांचा गळा दाटून येतो. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, आईचा हात आणि मायेची ऊब, एवढे साहित्य जमले की लेख सिद्ध होतो. आपल्या या त्रैमासिकातही असे लेख येऊन गेले आहेत. ते आम्ही आवडीने वाचले आहेत आणि त्यांच्या लेखकांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही एक गोष्ट आता स्पष्ट सांगितली पाहिजे. या सर्व लेखांत गोधडी शिवली जाते. टाचली मात्र कोठेच जात नाही. लुगडी-धोतरे जणू स्वतःहून शिस्तीने एकावर एक आडवी होतात आणि आजी सुई ओवून बसते. हे चित्र खोटे आहे, आणि ते निरुपद्रवी खोटे नाही. आमच्या खासगी बाजारात आणि लष्करच्या इतर जुन्या वस्त्यांत आजही ज्या स्त्रिया गोधड्या शिवून दोन पैसे मिळवतात, त्यांच्या मजुरीतून या खोट्याची किंमत वसूल होते, असे आमचे म्हणणे आहे.

टाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. प्रथम जमीन झाडून पुसून कोरडी करावी लागते. तिच्यावर अस्तर उलट्या बाजूने पसरून त्याच्या चारी कडा ताणून धरतात आणि वर वजने ठेवतात. पाटा, वरवंटा, पितळेचे डबे, जे हाताशी असेल ते. मग एकेक थर. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने सारखा करायचा. जुन्या कापडाचे काठ, शिवणी आणि रफू एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तेथे उंचवटा होतो आणि पुढे सुई अडते. विरलेल्या जागी तुकडा घालून भर करायची. सर्वांत शेवटी वरचा पदर. एवढे झाल्यावर टाचणाला आरंभ होतो. टाका बोट-दीड बोट लांबीचा, दोरा गोधडीच्या रंगाहून वेगळा आणि टोकाला गाठ न मारलेला, कारण तो पुढे ओढून काढायचा असतो. टाचण मध्यातून कडेकडे जाते, आधी उभे, मग आडवे, अखेरीस चारी कडांनी. कडेपासून आत येत गेले तर सैल कापडाचा फुगा मध्ये कोंडला जातो आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. हे काम एकटीचे नव्हे. एकीने टाकावे, दुसरीने समोरून कापड ओढून धरावे, आणि दोघींनीही गुडघ्यांवर व कोपरांवर सरकत राहावे, हीच त्याची रीत. साठी उलटलेल्या बायका हे काम करताना आम्ही पाहिल्या आहेत; उठताना त्या भिंतीचा आधार घेतात.

नीट टाचलेली गोधडी मांडीवर घेऊन शिवता येते, गुंडाळता येते, अर्धवट टाकून चार दिवसांनी पुन्हा उचलता येते. न टाचता शिवलेल्या गोधडीचा खालचा थर दर हातामागे थोडाथोडा सरकत जातो. एका टोकाला झोळ पडतो, दुसऱ्या टोकाला अस्तर कमी पडते. विक्रीच्या टेबलावर घडी घालून ठेवली तर हे दिसत नाही. पहिल्या धुण्यात दिसते: आतले थर एका बाजूला गोळा होतात आणि गोधडीचे बोचके होते. नीट टाचलेल्या गोधडीत मात्र शिवण पुरी झाली की टाचणाचा दोरा ओढून काढला जातो आणि ते केल्याचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. आमच्या वादाचे मूळ येथे आहे.

मराठीने या क्रियापदाला एरवी बराच मान दिला आहे. टाचणी त्यातूनच आली. शिक्षक पाठ घेण्यापूर्वी त्याचे टाचण काढतात, वक्ता भाषणाचे टाचण खिशात ठेवतो. भाषण चांगले झाले तर श्रेय वक्त्याच्या वाणीला जाते, हे खरे. परंतु टाचणाशिवाय उभा राहिलेला वक्ता कसा भरकटतो, हे आपल्या सभांना येणाऱ्यांना सांगायला नको. ग्वाल्हेरच्या शिंप्यांच्या हिंदीत याच कच्च्या टाक्यांना लंगर म्हणतात. कापड वाहून जाऊ नये म्हणून टाकलेला नांगर, अशीच ती कल्पना असावी.

आमच्याकडे थंडीचा दुसरा सोबती म्हणजे रुईची रजई. पौष-माघात पारा कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, तेथे गोधडी एकटी पुरत नाही. रजईत पिंजलेला कापूस पसरून जे लांब टाके घालतात त्यांना डोरे म्हणतात. डोरे डालना या हिंदी प्रयोगाचा दुसरा अर्थ येथील प्रत्येक मुलाला बारा-तेराव्या वर्षी कळतो, तो येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट इतकीच की रजईचे डोरे काढले जात नाहीत. कापूस पुन्हा पिंजण्याची वेळ येईपर्यंत ते राहतात आणि डोळ्यांना दिसतात. म्हणून डोरे घालणाराला त्याचे पैसे मिळतात, गिऱ्हाईक त्यांवर घासाघीस करते, परंतु ते द्यायचेच असतात यावर कोणाचा वाद नाही. दोन्ही कामांत सुई, दोरा आणि हेतू जवळजवळ तेच. एक टाका दिसतो, त्याला दर आहे. दुसरा दिसत नाही, त्याला नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या हिवाळ्यात हाताने शिवलेल्या गोधड्या विकणाऱ्या एका संस्थेचे दरपत्रक, निवृत्त अधिकाऱ्याने एकदा डोळ्यांखालून घालावे म्हणून, आमच्याकडे आले. राज्य शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षे काढल्यावर कागदातील रिकामी जागा आधी दिसू लागते, लिहिलेले नंतर. त्या दरपत्रकात कापडाचा रकाना होता, दोऱ्याचा होता, शिलाईचा दर फुटावर होता, कडपट्टीचा वेगळा होता. गोधडी गुंडाळून पिशवीत भरण्याचासुद्धा दर होता. टाचणाचा नव्हता. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की ते शिलाईत समाविष्ट आहे.

समाविष्ट आहे, या दोन शब्दांवर आमचा जुना राग आहे. समाविष्ट असेल तर किती, हे दाखवता आले पाहिजे. आम्ही मांडून पाहिले. साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी साधी गोधडी घ्या. म्हणजे ९० इंच गुणिले ६०. शिवणीच्या ओळी अर्ध्या इंचाच्या अंतराने घातल्या तर त्यांची एकूण लांबी १०,८०० इंच, म्हणजे ९०० फूट होते. टाचण सहा इंचांवर धरले तर उभ्या नऊ ओळींचे ८१० इंच, आडव्या चौदा ओळींचे ८४०, आणि चारी कडांचे ३००. एकूण १,९५० इंच, म्हणजे १६२ फुटांहून अधिक. शिवणीच्या लांबीच्या शेकडा अठरा. यात थर पसरण्याचा वेळ धरलेला नाही, दुसऱ्या बाईचे हात धरलेले नाहीत आणि अखेरीस टाचण उसवण्याचे कामही धरलेले नाही. टाचणाचा टाका लांब असतो, म्हणून फुटामागे त्याला वेळ कमी लागतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मग तो कमी दर लिहा. शून्य हा कमी दर नव्हे.

बांधकामाचे उदाहरण देतो, कारण सरकारी हिशेबात ते निर्विवाद आहे. स्लॅब घालायचा तर आधी खालून फळ्या, पत्रे आणि टेकू यांचा साचा उभा करावा लागतो. काँक्रीट पक्के झाले की तो साचा काढून नेतात. घरात राहायला येणाऱ्याच्या नजरेस तो कधीच पडत नाही. तरीही केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दरसूचीत सेंट्रिंग-शटरिंग ही स्वतंत्र बाब आहे, तिचे मोजमाप चौरस मीटरवर होते, आणि टेकू देणे व साचा काढणे हे त्या बाबीच्या वर्णनातच लिहिलेले असते. कोणत्याही ठेकेदाराला आजवर कोणी सांगितले नाही की, बाबा रे, साचा तर तू काढून नेलास, मग त्याचे पैसे कशाचे? काढून टाकले जाणारे काम मोजता येत नाही, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. ते मोजता येते. ज्याच्यासाठी मोजायचे तो ठेकेदार आहे की घरातली बाई, एवढाच फरक आहे.

आणि हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, मालाचाही आहे. दर फक्त शिलाईच्या फुटावर असेल तर शहाणी बाई काय करील? टाचण विरळ करील, मग कडेपुरते ठेवील, मग चार टाचण्या लावून भागवील. वेळ वाचला तर फूट वाढतात आणि फूट वाढले तर पैसे वाढतात. दोन हिवाळ्यांनी गिऱ्हाइकांची पत्रे येऊ लागतात की गोधडी धुण्यात बिघडली. मग सभेत ठराव होतो की हातकामाचा दर्जा घसरला आहे, बायकांना प्रशिक्षण द्यावे. ज्या दरपत्रकाने त्यांना टाचण न करायला शिकवले ते फायलीत तसेच राहते. प्रशिक्षणाला मात्र निधी मिळतो, मानधन मिळते, छायाचित्रेही निघतात.

आमच्या या भूमिकेवर एक आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, टाचण ही सार्वत्रिक गरज नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूस सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात, ती कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत जाते, आणि तेथे टाचण नसते. महाराष्ट्रातही कडेपासून आत शिवत जाणाऱ्या गोधड्या आहेत. हे सर्व खरे आहे. पण कवंदीचा वरचा पदर अखंड नसतो. तुकडे शिवत शिवत लावले जातात. सैल पडलेले कापड पुढच्या तुकड्याखाली सामावून जाते. म्हणजे थर धरून ठेवण्याचे श्रम तेथे शिवणीतच मिसळले आहेत आणि शिवण मोजली की तेही मोजले जातात. अखंड साडी वर घालून, आत चार-पाच थर घालून, अर्ध्या इंचाची ओळ मागणाऱ्या संस्थेने सिद्दी स्त्रियांचा दाखला देऊ नये. त्यातून आज घरोघर निघणारी जुनी वस्त्रे पूर्वीसारखी सुती राहिलेली नाहीत. आमच्या बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली उभी राहिली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. त्याच सुमारास घरातील लुगडीही गेली आणि धुऊन वाळत घालायला सोप्या अशा कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. सुती कापड सुती कापडाला धरून बसते. कृत्रिम धाग्याचे कापड, किंवा एखाद्या आजीने जिवापाड जपलेले चंदेरीचे पातळ, थरात घातले तर ते निसटते. टाचणाची गरज आज आजीच्या काळापेक्षा अधिक आहे.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा. परदेशात म्हणे आता कोणी दोऱ्याने टाचत नाही. वाकवलेल्या सेफ्टी पिना लावतात, किंवा चिकटद्रव्य फवारतात, किंवा मोठ्या यंत्राच्या रुळांवर थर ताणून बसवतात आणि टाचणाचा प्रश्नच मिटवतात. यंत्राची गोष्ट खरी आहे. ज्यांना ते परवडते त्यांनी जरूर घ्यावे, मात्र मग विक्रीच्या चिठ्ठीवर हातशिवण असे छापू नये. पिना लावायला आणि काढायला वेळ लागतोच, आणि पावसाळ्यात काम रेंगाळले तर गंजाचे डाग पडतात. चिकटद्रव्य कापसाच्या एका पातळ थराला ठीक आहे. पाच जुन्या साड्यांना ते प्रत्येक थरावर फवारावे लागेल, तेही खिडक्या उघड्या टाकून आणि चुलीपासून दूर. खासगी बाजारातील कोणत्या खोलीत या दोन्ही अटी पाळता येतील, ते या सूचना करणाऱ्यांनी एकदा येऊन दाखवावे. शिवाय यांपैकी काहीही वापरले तरी थर पसरण्याचे आणि सारखे करण्याचे श्रम तसेच राहतात. साधन बदलते, विनामूल्य राहण्याची तऱ्हा बदलत नाही.

एका वृद्ध बाईंशी याविषयी बोलणे झाले. चाळीस वर्षे त्यांनी गोधड्या शिवल्या आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, टाचण दिसत नाही म्हणून पैसे नाहीत म्हणतात. न टाचता एक शिवून देते, मग दिसेल." त्यांनी तशी शिवून दिली नाही. देणार नाहीत हे संस्थेला ठाऊक आहे, आणि दरपत्रकाचा सारा हिशेब त्या खात्रीवर उभा आहे. चांगले काम करण्याची सवय ही गरीब माणसाची सर्वांत सहज लुटली जाणारी मालमत्ता आहे.

येथे आम्ही पुन्हा आपल्या लेखकांकडे वळतो. या वस्तीचे नाव खासगी बाजार आहे आणि खासगी हा आमच्या मराठी दरबारांचा शब्द आहे. राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्न-खर्चाचे खाते ते खासगी, दौलतीचे ते सरकारी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर नावाचे हे शहर झाले, त्याबरोबर ही शब्दावलीही इकडे आली. दरबारच्या खासगीचा मात्र पै-पैचा हिशेब असे. आमच्या घरांतली खासगी तेवढी बिनहिशेबी. बाईने पतीसाठी, मुलांसाठी, नातवंडांसाठी जी गोधडी शिवली तिचा हिशेब कोणी मागू नये, हे योग्यच आहे. तेथे माया हा शब्द शोभतो. पण तीच गोधडी दुकानात गेली, तिच्यावर किमतीची चिठ्ठी लागली, आणि तरी तिच्यातले अर्धे श्रम मायेच्या खात्यात राहिले, तर ती माया नव्हे, उधारी आहे. आमचे लेख विक्रीच्या माहितीपत्रकांवर छापले जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आजीच्या हातची ऊब हे शब्द ज्या कागदावर होते, त्याच संस्थेचे दरपत्रक आमच्या टेबलावर होते. उबेसाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. ती ऊब ज्या टाचणाने थरांत टिकून राहते, त्याचा रकाना कोरा.

कायद्याकडे पाहावे तर तोही या बायकांच्या अंगणापर्यंत येऊन थांबतो. नगावर काम करणाऱ्याची मजुरी वेळेच्या किमान दरापेक्षा कमी पडू नये, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. परंतु त्यासाठी बाई कामगार ठरली पाहिजे. गटाची सभासद म्हटले की ती मालकीण होते आणि मालकिणीला किमान वेतन नसते. घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, फुलांचे हार गुंफणारा मालाकार आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे. गोधडी शिवणारीला स्वतंत्र नाव नाही; तिने स्वतःला शिंपी म्हणवून घ्यावे. शासनात आयुष्य घालवलेल्या माणसाने शासनावर याहून अधिक लिहू नये, म्हणून एवढ्यावर थांबतो. ज्या गोष्टी कायदा न बदलता होऊ शकतात त्या आधी पाहू.

दरपत्रकात टाचणाचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्याचे मोजमाप चौरस फुटावर व्हावे, थरांच्या संख्येप्रमाणे दर चढता ठेवून. दोन बायकांचे काम दोघींच्या नावावर पडावे. टाचण झाल्यावर, शिवण सुरू होण्यापूर्वी, गोधडी एकदा पाहिली जावी आणि टाचणाचे पैसे त्याच वेळी दिले जावेत. याने संस्थेचाही लाभ आहे, कारण चूक त्या टप्प्यावर दुरुस्त होऊ शकते. नंतर फक्त वाद होतात. किमतीत यामुळे जी वाढ होईल ती गिऱ्हाइकाला सांगावी. गिऱ्हाईक मुके नसते, त्याला कोणी सांगत नाही इतकेच.

राहिली जागा. गोधडी टाचायला आठ फूट गुणिले सहा फूट एवढी मोकळी, सपाट जमीन लागते आणि तिच्याभोवती बसायला दोन-दोन हात. जुन्या वाड्यांच्या माड्यांवर ती होती. वाटण्या झाल्या, मधे भिंती आल्या, चौकांत मोटारसायकली आल्या. आज बायका गच्चीवर टाचतात. वारा आला की कडा उडते, ऊन उतरले की काम थांबते. आपल्या संस्थेचे सभागृह आठवड्यातील पाच दिवस दुपारी बारा ते पाच कुलूपबंद असते. मार्गशीर्षापासून माघापर्यंत त्याची दुपार या कामासाठी उघडी ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे आणि पुढील बैठकीत तो विचारासाठी येईल. सभागृहात एका वेळी चार गोधड्या मावतात, हे आम्ही टेप लावून पाहिले आहे. सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावाव्या लागतील, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला श्रोते जमिनीवर बसण्यापूर्वी सुया मोजून घ्याव्या लागतील.